लगुना सेकाला मॉडेल 3 नेण्याआधी करायची कामं

बे एरियात आपल्या बऱ्याच मंडळींकडे टेस्लाची मॉडेल 3 परफॉर्मन्स आहे. ट्रॅक डेचा, म्हणजे लगुना सेकासारख्या रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "मोठ्या डिस्क कुठल्या घेऊ?" डिस्क सगळ्यात शेवटी घ्या. आधी ब्रेक ऑइल, मग पॅड, मग टायर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), त्यानंतर शॉकअप. पैसे आणि वेळ मध्येच संपतात, आणि तेव्हा यादीत जे वर असेल तेवढंच गाडीला लागतं.

रस्त्यावर या गाडीचे ब्रेक झिजतच नाहीत असं वाटतं, कारण बहुतेक काम रिजेन करतं, म्हणजे मोटरच गाडीचा वेग उतरवून ती ऊर्जा बॅटरीत परत भरते. ट्रॅकवर हा हिशेब पार बदलतो. माणसासकट गाडी भरते साधारण 1,930 किलो. सरळ रस्त्यावरून ताशी 180 किलोमीटरने येऊन दुसऱ्या वळणासाठी, म्हणजे अँड्रेटी हेअरपिनसाठी, 60 वर उतरायचं तर सुमारे 21 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात जवळजवळ सात लिटर साधं पाणी उकळीला येईल. आणि हे सगळं साडेतीन सेकंदांत. रिजेनने 100 किलोवॉट ओढले असं धरलं तरी त्याच्या वाट्याला सहावा हिस्सा येतो. उरलेलं बहुतेक सगळं पॅड आणि डिस्कच्या अंगावर, फेरीमागून फेरी. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल किंवा फार तापली असेल तर रिजेन आणखी कमी होतं.

म्हणून महिनाभर आधीचं पहिलं काम ब्रेक ऑइल बदलणं. माझ्या 2019 च्या गाडीत डॉट 3 दर्जाचं ऑइल होतं. ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. पण ते हवेतली ओल शोषत राहतं, आणि ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच अट 140 अंशांवर येते. माझ्या दुसऱ्या ट्रॅक डेला, तिसऱ्या सेशनमध्ये, त्याच हेअरपिनआधी पेडल चार बोटं खाली गेलं आणि गाडीचा वेग उतरेना. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल भरलं, गाडी वळणाच्या बाहेर जाऊन कशीबशी सावरली. घरी येऊन ब्लीड केलं तर नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल आलं, त्यात बारीक बुडबुड्यांची माळ. पॅड नवे होते, डिस्क चांगल्या होत्या. फक्त ऑइल तीन वर्षांचं होतं, आणि ते उकळलं होतं. आता मी 300 अंशांच्या वरचं रेसिंग ऑइल घालतो: मोटुल आरबीएफ 600 किंवा कॅस्ट्रॉल एसआरएफ. एसआरएफ महाग आहे, पण ओल धरल्यावरही 270 अंशांपर्यंत टिकतं, म्हणून वर्षातून दोनच ट्रॅक डे करणाऱ्याला तेच परवडतं. डॉट 5 मात्र चुकूनही नको. ते सिलिकॉनचं असतं, या ऑइलमध्ये मिसळत नाही. चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा, स्वच्छ ऑइल येईपर्यंत थांबू नका, आणि हाताशी पाणी ठेवा, कारण ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग जातो.

गाडी उचलताना घाई नको. तळाशी बॅटरी आहे, जॅक भलतीकडे लागला तर तिचं आवरण चेपतं. चार ठरलेल्या भोकांत बसणारे रबरी ठोकळे मिळतात, ते आधीच मागवून ठेवा. मागचे पॅड काढण्याआधी पार्किंग ब्रेकची मोटर स्क्रीनवरून मागे घ्या, पिस्टन जोर लावून दाबू नका.

पॅड निवडताना दुकानदाराला गाडीचं वजन सांगा. हलक्या गाडीला पुरणारं कंपाउंड (पॅडचं मिश्रण) इथे भुगा होतं. नवे पॅड बसवले की रिकाम्या रस्त्यावर बेडिंग करून, म्हणजे ते डिस्कवर बसवून, घ्या: मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा जोरात, पण पूर्ण न थांबता ब्रेक, आणि मग थंड होईपर्यंत चालवत राहा. हे करताना रिजेन जितकं कमी करता येईल तितकं करा, नाहीतर पॅड तापतच नाहीत.

आता टायर. मूळ सेटिंगवर पहिला दिवस काढल्यावर पुढच्या टायरची बाहेरची कड खवल्यांसारखी उलटली होती आणि आतला भाग जवळपास नवा. कारण पुढचा कॅम्बर: कंपनीने तो बदलण्याची सोयच ठेवलेली नाही. उपाय म्हणजे लांबी बदलता येणारे पुढचे वरचे कंट्रोल आर्म. त्यांनी उणे अडीच ते तीन अंश मिळवा. आर्म बदलले की टो (वरून पाहिलं तर चाकांची दिशा) हलतोच, तेव्हा लगेच अलाइनमेंट करून घ्या आणि मागचा टोही तपासायला सांगा. माझ्या मते पूर्ण यादीत डॉलरमागे सर्वांत जास्त फरक या एका कामाने पडतो.

कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंगसकट शॉकअप, त्यानंतर. गाडी खाली आणायची म्हणून घेऊ नका. कॉर्कस्क्रू नावाच्या वळणात, जिथे रस्ता सुमारे 18 मीटर खाली कोसळतो, तिथे चाक जमिनीला धरून ठेवणारे शॉकअप हवेत, आणि बंप स्टॉपवर (शॉकअपच्या टोकाच्या रबरावर) आपटणारी गाडी तसं करू शकत नाही.

आठवडाभर आधी आयोजकांना विचारा: इलेक्ट्रिक गाडी चालते का, हेल्मेट कुठल्या मानांकनाचं लागतं, टो हुक (गाडी ओढून न्यायचा हूक) हवा का. विम्याची पॉलिसीही वाचा. ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत. लगुना सेकाला आवाजाची मर्यादा कडक आहे, पण आपल्याला त्याची चिंता नाही.

आदल्या रात्री गाडी पूर्ण रिकामी करा, फ्लोअर मॅटसकट. चाकांचे नट टॉर्क रेंचने 175 न्यूटन-मीटरला. रेंच, हवेचा गेज, सुटे पॅड, थोडं ऑइल आणि पाणी डिकीत. सकाळी हायवे 101 वरून जाताना गिलरॉयला, लसणाच्या वासात, चार्जिंग करा. पण 90 टक्क्यांच्या आसपास थांबा, पहिल्या सेशनला रिजेनला जागा हवी.

पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, टायरची हवा कमी करा. दारावर लिहिलेली 42 पीएसआय रस्त्यासाठी आहे. मी थंड टायर 33 वर ठेवतो आणि सेशननंतर 38-39 दिसले की समाधानी असतो. दर सेशनला नट पुन्हा तपासा. शेवटची फेरी ब्रेक न लावता काढा, आणि आत आल्यावर लगेच पार्कमध्ये टाकू नका. पार्क म्हणजे मागचे तापलेले पॅड तापलेल्या डिस्कला चिकटून बसणार, आणि डिस्कवर त्यांचा ठसा उमटणार. पाच-सात मिनिटं पॅडॉकमध्ये हळूहळू फिरवा, मग थांबवा.

रेसचे पॅड असतील तर घरी निघण्याआधी रोजचे पॅड परत बसवा. रिजेनमुळे रेसचे पॅड हायवेवर थंडच राहतात, आणि थंड असताना पकडत नाहीत. हवा पुन्हा 42 वर, नट एकदा शेवटचे, आणि मग निघा.