साठीनंतर मेंदूसाठी चालायचं कसं

सकाळी साडेसहाला ठाण्यात तलावपाळीवर किंवा कचराळी तलावाच्या ट्रॅकवर ज्येष्ठांची गर्दी असते. त्यातले बरेच जण हात मागे बांधून, गप्पा मारत, रमतगमत फिरतात. त्यानं मन प्रसन्न होतं, सांधे मोकळे होतात. पण मेंदूसाठी म्हणून चालायचं तर एवढ्यावर भागत नाही. छातीचे ठोके वाढले पाहिजेत, श्वास जोरात चालू लागला पाहिजे आणि तो तसा अर्धा-पाऊण तास टिकला पाहिजे.

२०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५५ ते ८० वयाचे १२० जण होते. निम्मे आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालले, उरलेल्यांनी अंग ताणण्याचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम केले. वर्षानं एमआरआय काढला, तेव्हा चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटात तो जवळपास १.४ टक्के आक्रसला होता. स्मरणशक्तीच्या परीक्षेत मात्र दोन्ही गट सुधारले, त्यामुळे चालल्यानं विसराळूपणा हमखास जातो असं म्हणता येणार नाही. स्मृतिभ्रंश जडलेल्यांवर ब्रिटनमध्ये झालेल्या २०१८च्या चाचणीत तर जोरदार व्यायामानं अंगातली ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. म्हणून डोकं शाबूत असतानाच सुरुवात करावी, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

आधी डॉक्टरांना भेटा; हृदयविकार, मधुमेह किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर नक्कीच. बीपी १८०/११०च्या वर असेल त्या दिवशी चालायला जाऊ नका.

वेग नाडीवरून ठरवायचा. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं हलकेच टेकवा. अंगठ्यानं नाडी पाहू नका. अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि आकडा चुकतो. ३० सेकंद ठोके मोजून दुप्पट करा. आता वयाला ०.७नं गुणा आणि ते २०८मधून वजा करा. वय ६८ असेल तर साधारण १६० येतात, हा तुमच्या ठोक्यांचा वरचा अंदाज. झोपेतून उठल्यावरची नाडी ७२ असेल तर मधलं अंतर ८८. त्याचे ५० ते ६० टक्के ७२मध्ये मिळवले की ११६ ते १२५. पहिले सात आठवडे या पट्ट्यात चाला. पुढे झेपलं तर ६० ते ७५ टक्के, म्हणजे १२५ ते १३८.

बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर हा हिशोब सोडून द्या. त्या नाडी दाबून ठेवतात. आकडा गाठायच्या नादात माणूस झेपेल त्याच्या बाहेर चालतो आणि धाप लागते. अशांनी श्वासावर जावं: चालता चालता शेजारच्याशी बोलता येतंय, पण आरती सुरात म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. आरती सहज म्हणता आली तर पाय उचला. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कमी करा. मिनिटाला सुमारे १०० पावलं पडतात का, हेही घड्याळ लावून एकदा मोजून पाहा.

पहिल्या आठवड्यात १० मिनिटं, तीन दिवस. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवली की सातव्या आठवड्यात ४० होतात. मग चौथा दिवस जोडा, म्हणजे आठवड्याला १६० मिनिटं भरतील. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा १५०ची आहे. याखेरीज प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं सावकाश आणि नंतरही पाच मिनिटं सावकाश. वेगात चालून एकदम बाकावर बसलं की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

जागा सपाट निवडा. तलावपाळी भल्या सकाळी ठीक; संध्याकाळी गर्दीत दर चार पावलांवर थांबावं लागतं, ठोके खाली येतात. उपवनचा काठ चांगला. येऊरचा चढ तीन महिन्यांनंतर बघा. घोडबंदर रोडच्या कडेनं चालू नका, धूर छातीत जातो.

जून ते सप्टेंबर पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर महिनोन्महिने चालणं बंद. तेव्हा सोसायटीच्या कॉरिडॉरमध्ये चाला, पण दर पाच मिनिटांनी वळायची बाजू बदला, नाहीतर गरगरतं. जिना चढायचा असेल तर कठडा धरून चढा आणि खाली लिफ्टनं या. गुडघे उतरताना जास्त दुखावतात, पायही उतरतानाच चुकतो. चालणंच झेपत नसेल तर घरची उभी सायकल चालेल. सीट एवढी उंच ठेवा, की पाय सर्वांत खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये. रक्तातली साखर १००च्या खाली असेल तर आधी एक केळं खा. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवाच; घाम फुटून हात थरथरले की ती तोंडात टाकून जागीच बसा. छातीत दाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, बोलताना जीभ अडखळली, तर घरी चालत जायचा विचारही करू नका. बसा आणि १०८ लावायला सांगा.

चालण्यानं तोल सुधारतो असं गृहीत धरू नका. आठवड्यातून तीन दिवस ओट्याला हात टेकून एका पायावर १० सेकंद उभे राहा, दोन्ही पायांवर पाच-पाच वेळा.

तापानं किंवा गावी गेल्यामुळे दोन-तीन आठवडे खंड पडला, तर परत आल्यावर थेट ४० मिनिटांवर उडी घेऊ नका. २० मिनिटांपासून धरा, दर आठवड्याला ५ वाढवा.