सुपरहिरोंच्या लढाईचं गच्च भरलेलं चित्र कसं पाहावं

तीस-चाळीस सुपरहिरो आणि खलनायक एकमेकांवर तुटून पडलेत, मागे इमारती कोसळतायत, वर आभाळ फाटलंय. असं एक पान काढायला चित्रकाराचे दिवसच्या दिवस जातात. पाहणारा मात्र दोन सेकंदांत ‘लय भारी’ म्हणतो आणि पुढे सरकतो. जळगावात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना चित्रकला शिकवताना हे मी सारखं बघतो. मुलांचं त्या चित्रांवरचं प्रेम खरं असतं, पण बघायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं कुचकामी असतं. चित्रावर सोनेरी गुणोत्तराची वळणदार रेघ ठेवा, चौकटीचे तीन-तीन भाग पाडा, आधी सगळ्या हिरोंची नावं ओळखा, हे सगळे सल्ले बाजूला ठेवा. लढाईच्या चित्रात त्यातून हाती काही लागत नाही.

मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलं जातं आणि बारीक रेषा एकमेकींत मिसळून चिखल होतो. चित्रकार ओळखीचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. लॅपटॉप असला तर उत्तम, नसला तर फोन आडवा धरा.

झूम करू नका. पहिली पाच मिनिटं तरी नाहीच. चित्र हाताच्या अंतरावर ठेवा आणि डोळे अर्धवट मिटून बघा. बारकावे विरघळतात, उरतात ते उजेडाचे आणि काळोखाचे मोठे पट्टे. डोळे मिटून जमत नसेल तर फोनमध्येच चित्र कृष्णधवल करून घ्या. चांगल्या चित्रात सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग एकमेकांना खेटून येतात आणि बहुतेक वेळा मुख्य टक्कर तिथेच असते. सगळं चित्र एकाच करड्या छटेचं दिसलं, तर गर्दी काढणाऱ्यानं मेहनत केलीय पण प्रकाश ठरवलेला नाही, असं समजा. प्रकाश आधी ठरवणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या संग्रहालयात जा. टेबलावर साध्या वस्तू मांडून, हवा तिथेच उजेड पाडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. त्यांची टेबलटॉप छायाचित्रं बघून आलेला मुलगा चित्रातला उजेड वेगळ्या नजरेनं बघतो, हा माझा अनुभव आहे.

बाजू रंगांवरून ओळखा. जुनी अमेरिकी कॉमिक्स स्वस्त कागदावर मोजक्या रंगांत छापली जायची, म्हणून पोशाख भडक आणि सपाट रंगांचे. लाल, निळा, पिवळा बहुधा नायकांकडे. हिरवा, जांभळा बऱ्याचदा खलनायकांकडे. पक्का नियम नाही, पण एवढ्यानं काम भागतं.

आता अवघड पायरी. आमच्याकडच्या एका धाकट्या मुलानं असंच एक गच्च चित्र हातात धरून विचारलं, ‘सर, आठे कोन कोनले मारी ऱ्हायना?’ म्हणजे अहिराणीत, इथे कोण कुणाला मारतंय? बाकीची मुलं हसली. मी त्यांना गप्प केलं, कारण लढाईच्या चित्राला विचारायचा प्रश्न हाच आहे आणि तो विचारायची लाज वाटते म्हणून लोक आयुष्यभर अशी चित्रं वरवर बघत राहतात.

जोर कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे बोटानं गिरवा. मला स्वतःला ही पायरी सर्वांत जड गेली. नजर आपोआप चेहऱ्यांकडे पळते. चेहऱ्यावर राग दिसतो, दात दिसतात, आणि वाटतं की लढाई कळली. लढाई चेहऱ्यात नसते, ती पायांत सुरू होते. म्हणून चेहरे झाकाच. खरंच, कागदाचा तुकडा घेऊन झाका. मग मधल्या मोठ्या आकृतीचा टेकलेला पाय शोधा. तिथून वर चढा: घोटा, गुडघा, कंबर कुठे पिळवटलीय, खांदा कुठे फिरलाय, कोपर, मूठ. मुठीशी थांबू नका. मूठ ज्याला लागली त्याच्या शरीरात शिरा आणि बघा की तो मार पुढे कुठे जातो.

हे प्रत्यक्ष करून दाखवतो. अमळनेरच्या एका अकरावीतल्या मुलानं टॅबवर काढलेलं चित्र माझ्याकडे आहे. भुसावळजवळचा तापीवरचा रेल्वे पूल, त्यावर आणि त्याखाली हाणामारी, मागे केळीच्या बागा. पहिल्यांदा पाहताना नुसता गलबला वाटतो. मधोमध निळ्या पोशाखातली नायिका आहे. तिचा डावा पाय पुलाच्या दगडी खांबावर आहे आणि टाचेखालचा दगड चिरलाय. तिथून बोट वर नेलं की कंबर उजवीकडे पिळलेली, खांदा पुढे, मूठ जांभळ्या चिलखतवाल्याच्या जबड्यावर. त्याचं डोकं मागे, पाठ कमानीसारखी वाकलेली, आणि ती पाठ आदळलीय लोखंडी गर्डरवर. गर्डर बाहेरच्या बाजूला वाकलाय. त्यातून रिव्हेट उडालेत. ते रिव्हेट खाली उजव्या कोपऱ्यात येतात, आणि तिथे केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर दारामागे वाकून डोकं वाचवतोय. चिरलेल्या दगडापासून ड्रायव्हरच्या वाकलेल्या मानेपर्यंत एकच ठोसा सलग वाहत आलाय. हा ड्रायव्हर आधी कुणाला दिसतच नाही. जोराची ही साखळी गिरवली की मग चुकत नाही.

एक साखळी सापडली की दुसरी शोधा. भरगच्च चित्रातही स्वतंत्र साखळ्या तीन-चारच असतात. उरलेल्या आकृत्या गर्दी भरायला आणि दिशा दाखवायला असतात. त्यात कमीपणा नाही, गर्दी नसेल तर संकट मोठं वाटणार कसं? पण त्या आकृत्यांवर आधीच वेळ घालवलात तर डोळे थकतात आणि मुख्य साखळी हातातून निसटते. म्हणून क्रम बदलू नका.

साखळी मध्येच तुटते तेव्हा थांबा. मूठ जोरात फिरलीय पण पाय हवेत लोंबकळतोय. कुणी उडून पडतोय पण त्याला उडवणारा कुठेच नाही. अशा वेळी दोन शक्यता. एक, चित्रकाराला नुसत्या पोझ जुळवायच्या होत्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या पोझ एका पानावर चिकटवलेली चित्रं अशी पकडली जातात, स्नायू कितीही रेखीव असोत. दुसरी शक्यता, तुटकी साखळी मुद्दाम ठेवलेली असते: मारणारा चौकटीबाहेर आहे, किंवा अदृश्य आहे, किंवा तो मार क्षणभर आधीचा आहे. लढाईच्या चित्रात सगळं एकाच क्षणी घडत नाही. धूळ आधीच्या धडकेची असते, ठोसा आत्ताचा, आणि वरून सूर मारणारा पुढच्या क्षणाचा. ही वेळेची घडी उलगडली की चित्र हलायला लागतं.

सरावासाठी पडद्याची गरज नाही. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल अवदान या बौद्ध कथेची भिंत आहे: हत्ती, घोडे, नावा, भाले, राक्षसिणी, आणि चढाई करणारं सैन्य. पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी एकाच भिंतीवर आधीचं आणि नंतरचं एकत्र रंगवलंय. आमच्या मुलांना मी तिथे नेतो ते इतिहासाच्या मार्कांसाठी नाही. एका हत्तीच्या पायापासून सुरुवात करून भाला कुठे जातो ते त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवायचं. फ्लॅश चालत नाही, उजेड कमी असतो, डोळे सरावायला वेळ द्या. सोमवारी लेणी बंद असतात.

पुढचं-मागचं लावून घ्या. कोणती रेघ कोणत्या रेघेला झाकते ते बघा. जवळच्या आकृतीची बाह्यरेषा जाड, लांबची बारीक. तुमच्याकडे झेपावणारी मूठ डोक्यापेक्षा मोठी दिसली तर ‘प्रमाण चुकलं’ म्हणू नका, ते मुद्दाम केलेलं फोरशॉर्टनिंग आहे, म्हणजे आपल्याकडे येणारा भाग मोठा आणि मागचा आखूड काढणं. मूठ अंगठ्यानं झाका. खांदा-कोपर तरीही मागे जाताना दिसले तर काम जमलंय. प्रमाणाचंच निघालं म्हणून सांगतो, साध्या माणसाची उंची चित्रात साधारण साडेसात डोक्यांची धरतात, सुपरहिरोची आठ-साडेआठ. परीक्षेतल्या मानवाकृतीची फूटपट्टी इथे लावू नका.

आता झूम करा, आणि कोपऱ्यांपासून. मध्यभागी काय आहे ते कळलंय. चारही कोपरे, खिडक्या, पाट्या, मलबा, पळणारी माणसं बघा. चित्रकार स्वतःसाठी जे काढतो ते इथे सापडतं. स्फोटाभोवती किंवा शक्तीच्या लोळाभोवती काळ्या ठिपक्यांचे पुंजके दिसले तर ते अमेरिकी कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी (१९१७–१९९४) यांच्याकडून आलेलं वळण आहे. ठिपके काळे असतात आणि ऊर्जा दिसते ती मधल्या रिकाम्या जागेत. गर्दीचा बादशहा म्हणाल तर जॉर्ज पेरेझ (१९५४–२०२२). त्यांच्या पानावर पाठमोरी उभी असलेली मागची आकृतीसुद्धा आपल्या ढबीत उभी असते. आपल्याकडे हिंदीत अनुपम सिन्हा यांची ‘सुपर कमांडो ध्रुव’ कॉमिक्सची पानं काढून बसा, लढाईतला सलगपणा बघायला ती फार चांगली आहेत.

कुणी काय केलं ते वेगळं करा. छापील कॉमिक्समध्ये पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा असू शकतो. सही दोन नावांची असेल तर केसांच्या आणि कापडाच्या सुंदर रेघांचं श्रेय शाईवाल्याला द्या. एकट्यानं केलेलं डिजिटल काम असेल तर हा प्रश्न येत नाही.

मग चित्रकाराला सांगा. आणि नीट सांगा. ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, तीन ज्वाळांची चित्रं, यातून त्याला काही कळत नाही. एकच जागा निवडा आणि तिच्याबद्दल एक पूर्ण वाक्य लिहा. अमळनेरच्या मुलाला मी लिहिलं होतं, ‘टाचेखालचा दगड चिरलेला दाखवलास म्हणून ठोशाचं वजन पटलं.’ त्यावर त्याचा तासभर फोन चालला, तो दगड त्यानं कितीदा पुसून काढला ते सांगत होता. तुम्ही गिरवलेली साखळी त्याला सांगून बघा. त्यानं ती योजलेली असेल तर त्याला होणारा आनंद कुठल्याही बक्षिसाहून मोठा असतो. योजलेली नसेल तर पुढच्या चित्रात तो ती योजेल.

चूक दिसली तर तीही सांगा, पण त्यानं विचारल्यावर आणि जागेवर बोट ठेवून. ‘मागच्या दोघांचे हात एकमेकांत मिसळलेत, कुणाचा कुठला कळत नाही’ एवढं पुरे. खान्देशातली ही पोरं घरच्या खाटेवर बसून, फोनच्या स्क्रीनवर बोटानं सुद्धा अशी चित्रं काढतात. त्यांना मोघम कौतुक नको असतं, मोघम टीका तर अजिबात नको असते. आणि एक पथ्य पाळा: चित्रकाराचं नाव कापून ते चित्र पुढे पाठवू नका.