दम धरू नका: विहिरीत शिकलेल्या खान्देशी पोरांसाठी ‘कार्नाटिक’ हे बुडालेलं जहाज

तापीकाठच्या पोरांना पोहणं कुणी शिकवत नाही. विहिरीत ढकलून देतात, की झालं. त्यामुळे चोपडा-अमळनेरकडचा कुणी माझ्याकडे ‘भाऊ, स्कुबा करायचंय’ म्हणत आला, की आधी त्याची बुडी मोडावी लागते. विहिरीत जास्त वेळ दम धरणारा तो वस्ताद. स्कुबात पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहायचं असतं, तिथे हीच सवय जीव घेते. दहा मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून दम धरलात आणि तसेच वर आलात, तर तीच हवा दुप्पट फुगायला बघते आणि फुप्फुस फाटतं. श्वास चालूच ठेवायचा, घाबरल्यावरही. गावातल्या तरणतलावात स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून संथ श्वासाची सवय करा.

कोर्स तारकर्लीला करा नाहीतर गोव्यात. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या कोर्सची मर्यादा १८ मीटर, ‘कार्नाटिक’चा तळ साधारण २७ वर. म्हणजे पुढचा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोर्स हवाच.

आता जहाज. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची ही आगबोट सुएझहून मुंबईला निघाली होती. सप्टेंबर १८६९ मध्ये ती तांबड्या समुद्रातल्या अबू नुहास खडकावर चढली. जवळच्या बेटावर जायला वेळ होता, पण मदतीचं जहाज येईल म्हणून कॅप्टनने लोकांना बोटीवरच ठेवलं. पुढे बोट दुभंगली, ३१ जण गेले. सुएझ कालवा खुला झाला तो त्यानंतर दोनच महिन्यांनी.

इजिप्तमधल्या हुरघाडाहून बोटी जातात. मोठी बोट खडकाच्या दक्षिणेला, आडोशाला थांबते; जहाज उत्तरेला आहे. तिथवर रबरी होडीने नेतात आणि लाटेत उलटी कोलांटी मारून पाण्यात पडायचं. मळमळीची गोळी आदल्या रात्रीच घ्या.

खाली जहाज कुशीवर पडलेलं दिसेल. लाकडी फळ्या कधीच कुजल्या, लोखंडी बरगड्या उरल्यात, त्यांतून निळा उजेड आत येतो. आत इवल्या पारदर्शक माशांचे थवे असतात, समोरचं माणूस दिसू नये इतके दाट. गाईडशिवाय आत शिरायचं नाही. पलीकडचा उजेड दिसत नसेल, तर गाईड असला तरी नाही. पाय बेडकासारखे मारा, वरखाली आपटलेत की गाळ उठतो. गंजकं लोखंड कापतं, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन इथूनच घेऊन जा. कशालाही हात लावू नका, उचलणं तर दूरच.

वीस मीटरवर हवा वरच्यापेक्षा तिप्पट वेगाने संपते. टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा सारखा बघा. ‘अजून पुष्कळ आहे’ हे आपल्याकडचं मोटरसायकलच्या टाकीचं गणित तिथे चालत नाही. काटा १०० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) आला की गाईडला खूण करा. सावकाश वर या, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा.

परतीच्या विमानाआधी किमान १८ तास, जमल्यास पूर्ण २४, बुडी मारू नका. मुंबईहून भुसावळचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवा, सुट्टीत वेटिंगच मिळतं.