आगळाच्या बाटलीचं पान : ऑनलाइन दुकानाचा मजकूर स्वतः कसा लिहायचा

कुडाळला एका घरगुती उद्योगाचं ऑनलाइन दुकान आहे, त्याचा सगळा मजकूर मी बघते. आगळ (कोकमाचा मिठात टिकवलेला रस), आमसुलं, कोकम सरबत, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, फणसपोळी असा माल. जाहिरातीवर घालायला पैसे नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक येतं ते ओळखीतून नाहीतर गूगलमधून. ओळखीला मर्यादा असते. गूगलमधून येणारं गिऱ्हाईक मात्र चांगल्या मजकुराने वाढवता येतं, आणि तो मजकूर आपला स्वतःचा असावा लागतो. कसा, ते आगळाच्या एका पानावरून सांगते, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त प्रश्न त्याच बाटलीबद्दल येतात.

बऱ्याच दुकानांवर आगळाखाली असं काहीतरी असतं : ‘आमचे प्रीमियम दर्जाचे कोकम आगळ शंभर टक्के नैसर्गिक असून आरोग्यासाठी अत्यंत लाभदायक आहे. आजच ऑर्डर करा.’ यात आगळाच्या जागी मध लिहा, तूप लिहा, वाक्याला काही फरक पडत नाही. हीच परीक्षा तुमच्या मजकुराला लावा. वस्तूचं नाव बदलूनही वाक्य तसंच चालत असेल तर ते काढून टाका.

पुरवठादाराने दिलेला परिच्छेद जसाच्या तसा डकवणं तर त्याहून वाईट. एकच मजकूर अनेक साइटवर असला की गूगल सहसा त्यातलं एखादंच पान निवडून दाखवतं. तो दंड नसतो, पण निवड आपलीच होईल याचीही काही खात्री नसते. मोठ्या मार्केटप्लेसवरही माल लावत असाल तर तिथे छोटा, वेगळा मजकूर द्या आणि सविस्तर मजकूर आपल्या दुकानावर ठेवा. दोन्हीकडे तेच डकवलंत तर बहुधा त्यांचंच पान वर येईल.

लिहायला बसण्याआधी दोन ठिकाणी जायचं. पहिलं म्हणजे दुकानाचं व्हॉट्सॲप. मागच्या हंगामापासूनचे सगळे मेसेज वाचा आणि प्रश्न आले तसे, विचारणाऱ्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. आमच्याकडचे हे घ्या : हे थेट पाण्यात घालून प्यायचं का? यात साखर आहे का? खाली गाळ बसलाय, खराब झालंय का? सोलकढीला किती घालू? आमसुलं संपली तर त्याऐवजी हे चालेल का? जे लोक व्हॉट्सॲपवर विचारतात, तेच आणि तसेच लोक गूगललाही विचारतात. कुठलंही कीवर्डचं, म्हणजे लोक गूगलवर टाकतात त्या शब्दांचं, साधन घेण्याआधी ही वही भरली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे माल जिथे तयार होतो ते अंगण. पावसाच्या आधी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात तेव्हा आमच्याकडे काकी खाली बसून फळं फोडत असतात. साली एकीकडे, गर आणि बिया दुसरीकडे. आगळासाठी साली मिठात मुरत ठेवायच्या, रोज खालीवर करायच्या, आणि सुटलेला दाट लाल रस गाळून घ्यायचा. आमसुलाच्या साली वेगळ्या. त्यांना रसाचे पुट द्यायचे आणि प्रत्येक पुटानंतर कडक उन्हात वाळवायच्या. मी काकींना विचारलं, ‘मीठ किती घालता?’ त्या म्हणाल्या, ‘तां काय मोजून घालूचा नसता, हाताक कळता.’ मग त्यांच्या मुठीखाली वजनकाटा ठेवला. किलोभर सालींना दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ पडत होतं, दर वेळी जवळपास तेवढंच. हा आकडा आता आमच्या पानावर आहे. आगळ इतकं खारट का, आणि मिठावरच ते टिकतं कसं, हे गिऱ्हाइकाला त्यावरून कळतं. असा तपशील ऑफिसात बसून सुचत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या साइटवरून उचलताही येत नाही. तुमचा माल वेगळा असेल, पण तो करणारं माणूस कुठेतरी असेलच. त्याच्याजवळ जाऊन बसा, हातातलं काम बघा, वजन करा, वेळ लावा, फोटो काढा.

मग लिहायचं. आमच्या पानाची सुरुवात अशी आहे :

‘हे मीठ घातलेलं, बिनसाखरेचं आगळ आहे. सरबताचं सिरप नाही, नुसतं पाण्यात घातलंत तर खारट-आंबट लागेल. सोलकढीसाठी एका मोठ्या नारळाच्या दुधाला तीन-चार चमचे घाला, चव बघा आणि मगच मीठ. तळाशी लाल गाळ बसतो तो फळाचा गर आहे. बाटली हलवून वापरा. गोड सरबत हवं असेल तर आमचं कोकम सरबत घ्या.’

पहिल्याच दोन वाक्यांत माल कुणासाठी नाही ते सांगितलंय. विकणाऱ्याला हे जड जातं, पण चुकीची बाटली घेणारं गिऱ्हाईक परत येत नाही आणि फोनवर वेळही घेतं. शेवटच्या वाक्यात सरबताच्या पानाची लिंक आहे. अशा लिंकमुळे वाचणाऱ्याची सोय होते आणि गूगललाही आपली पानं एकमेकांशी कशी जोडलेली आहेत ते कळतं. या परिच्छेदाखाली आगळ कसं होतं ते, मग साठवण, मग वहीतले उरलेले प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं. शब्दसंख्या मोजू नका. आगळाला सांगण्यासारखं खूप आहे म्हणून ते पान लांब झालं. कुळथाच्या पिठाचं पान त्याच्या निम्मंही नाही, आणि तेवढं पुरतं.

शीर्षकात वस्तूचं लोक वापरतात ते नाव, तिचा प्रकार आणि माप द्या : ‘कोकम आगळ, मीठ घातलेलं, बिनसाखरेचं, ५०० मिली’. गोव्याकडचा माणूस भिरंडाची सोलं शोधतो, पुण्याचा आमसूल शोधतो. ही नावं मजकुरात जिथे सहज येतील तिथे एकदा येऊ द्या. शीर्षकात सगळी कोंबू नका. कीवर्ड भरायची जी वेगळी चौकट काही साइटमध्ये असते, ती गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय, तेव्हा तिच्यावर वेळ घालवू नका. निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनाने क्रमांक वाढत नाही, पण माणूस क्लिक करतो की नाही ते बऱ्याचदा त्यावर ठरतं, म्हणून ते हाताने लिहा.

इंग्रजीत किंवा रोमन लिपीत शोधणारेही पुष्कळ, त्यात परदेशातली मराठी घरंही आली. त्यांच्यासाठी इंग्रजी पान वेगळं करा. एकाच परिच्छेदात दोन्ही भाषा मिसळल्या की कुणालाच धड वाचता येत नाही. यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता तर कधीच चढवू नका. मजकूर यंत्राकडून लिहून घेण्याबद्दलही हेच सांगेन. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमचे नियम कडक केले. वाचकाच्या उपयोगाची नसलेली, केवळ क्रमांकासाठी ढिगाने तयार केलेली पानं त्यात बसतात, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. काकींच्या मुठीत किती मीठ मावतं हे यंत्राला कुठून कळणार?

एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. ‘वजन घटवते’, ‘मधुमेह बरा करते’ असली वाक्यं कोकमाच्या पानांवर सर्रास दिसतात. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो किंवा टळतो असा दावा करायला अन्न सुरक्षेच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमावलीत मनाई आहे. शोधणाऱ्याच्या प्रकृतीशी असा खेळ करून मिळालेली विक्री मला नको. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालाची भौगोलिक ओळख सांगणारं, मानांकन आहे, पण त्याचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. असेल तर नोंदणी क्रमांक पानावर लिहा, नसेल तर शिक्का लावू नका.

फोटो स्वतःचेच हवेत. बाटली पुढून, मागचं लेबल वाचता येईल असं, आणि चमच्यातलं आगळ उजेडात. फोटोच्या पर्यायी मजकुरात (फोटो दिसला नाही तर त्याच्या जागी येतो तो, alt text) दिसतं तेच लिहा : ‘स्टीलच्या चमच्यात गडद लाल कोकम आगळ’. २५० मिली, ५०० मिली आणि लिटर अशी तीन पानं करू नका. एकाच पानावर मापाचा पर्याय द्या, म्हणजे सगळी अभिप्रायांची, लिंकांची ताकद एकाच ठिकाणी जमते. किंमत, शिल्लक आणि अभिप्राय गूगलला वाचता यावेत म्हणून प्रॉडक्ट स्कीमा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये ठरावीक साच्यात दिलेली माहिती, लागतो. तयार दुकान-प्रणालीत तो बहुतेक आधीच असतो, गूगलच्या रिच रिझल्ट चाचणीत पत्ता टाकून खात्री करा.

हंगामी मालाची पानं माल संपला म्हणून काढून टाकतात, ते मात्र करू नका. पत्ता तोच ठेवा, ‘यंदाचा माल संपला, नवा रातांबे पिकल्यावर’ असं लिहा आणि कळवण्यासाठी नंबर घ्या. दर वर्षी नवं पान केलंत तर दर वर्षी शून्यापासून सुरुवात.

फरक पडला का ते सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, बघा. तिथल्या परफॉर्मन्स भागात जाऊन ते एकच पान निवडा आणि लोक काय शोधून तिथे पोचले ते वाचा. जिथे पान बऱ्याचदा दिसतंय, पण क्रमांक आठ ते वीसच्या मध्ये अडकलाय, तो शोध आधी हातात घ्या. आमच्या पानाला आमसुलांऐवजी आगळ किती घालायचं हा शोध असाच सापडला. उत्तर मजकुरात होतं, पण तिसऱ्या परिच्छेदात दडलेलं, ते वर आणून त्याला उपशीर्षक दिलं. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचे आकडे ठेवतं, म्हणून यंदाचा मे मागच्या मेशी ताडून बघता येतो. मेची तुलना जानेवारीशी केलीत तर तुम्ही मजकूर नाही, उन्हाळा मोजताय.

सगळी पानं एकदम घेऊ नका. जास्त खपणाऱ्या आणि जास्त प्रश्न येणाऱ्या चार-पाच वस्तू निवडा, त्यांची पानं नीट करा, दोन-तीन महिने जाऊ द्या. नवा माल भरला की बाटली उघडून चव घ्या. यंदाचं आगळ जास्त दाट उतरलं असेल तर चमच्यांचं माप त्याच दिवशी पानावर बदला.