आजीची गोंडी रेकॉर्ड करताना

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १९२१च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्या, आणि अनेक क्रिओल (वसाहतकाळापासून तिथे राहणाऱ्या, फ्रेंच वळणाच्या समाजाच्या) घरांतली फ्रेंच पुढे नातवंडांपर्यंत पोचलीच नाही. नागपुरातल्या अनेक गोंड घरांतही नातवंडं आजीशी मराठीतच बोलतात. म्हणून आजीची गोंडी रेकॉर्ड करायला थांबू नका.

आधी कूलर, पंखा बंद करा. घरघरीत शब्दांचे शेवट बुडतात. उन्हाळ्यात पहाटेच बसा. फोन तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारा) फॉरमॅट, मोनो (एकच चॅनेल), ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट निवडा: २० मिनिटांना साधारण १०० एमबी.

‘याला गोंडीत काय म्हणतात?’ असं विचारू नका. सुटे शब्दच मिळतात, वाक्यही मराठी वळणाचं येतं. त्यापेक्षा मोहफुलं कशी वेचायची, वाळवायची, ते सांगू द्या. मध्ये टोकू नका. फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत ठेवा.