नाजूक कापासाठी हातकरवत कशी निवडावी

नक्षी कापताना रेघ सुटली, टोक तुटले किंवा मागच्या बाजूने कुसळे निघाली की दोष हाताला दिला जातो. पुष्कळदा हात ठीकच असतो. त्या कामासाठी पाते चुकीचे निवडलेले असते. लाकूड कापते ते पाते. चौकट आणि मूठ यांचे काम ते पाते ताठ आणि सरळ धरण्याचे. म्हणून दुकानात गेल्यावर मुठीचे लाकूड, पॉलिश आणि नाव बघण्याआधी आपल्याला नेमका कोणता काप घ्यायचा आहे ते ठरवून जावे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. आधी काप नीट बघा

कागदावर नक्षी काढा आणि तीन गोष्टी तपासा. काप सरळ आहे की वळणाचा? तो फळीच्या कडेपासून सुरू होतो की जाळीसारखा मधोमध, चारही बाजूंनी बंद आहे? आणि कडेपासून सगळ्यात लांबचा बिंदू किती अंतरावर आहे? हे तिसरे अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. फळीची जाडीही लिहा. निवडीचा बहुतेक निकाल या चार नोंदींतच लागतो.

सरळ आणि बारीक काप, म्हणजे डव्हटेल सांधा (टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या जिभा खाचांत अडकवून केलेला कोपऱ्याचा जोड), छोट्या खोक्याचे कोपरे, पातळ पट्ट्या यांच्यासाठी कण्याची करवत घ्यावी. वळणाच्या कापासाठी चौकटीची करवत: कोपिंग सॉ, फ्रेट सॉ किंवा सोनारकामातली बारीक करवत. एकच करवत दोन्ही कामे करील या आशेने मोठ्या दात्यांची साधी करवत उचलली, तर दोन्ही कामे अर्धवट होतात.

२. सरळ कापासाठी: कणा, दाते आणि पात्याची जाडी

या करवतीच्या वरच्या कडेवर पितळेचा किंवा पोलादाचा जाड कणा बसवलेला असतो. त्यामुळे पाते पातळ ठेवता येते आणि तरी ते वाकत नाही. डव्हटेल सॉचे पाते साधारण २०० ते २५० मिलिमीटर लांब आणि जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. इंचाला १५ ते २० दाते. टेनन सॉ याहून मोठी, इंचाला १० ते १४ दात्यांची. नाजूक कामाला ती जड पडते.

दात्यांचा आकार विचारून घ्या, कारण बाहेरून दोन करवती सारख्याच दिसतात. तंतूंच्या दिशेने कापणाऱ्या करवतीचे दाते छोट्या पटाशीसारखे सपाट घासलेले असतात आणि लाकूड खरवडत पुढे जातात. तंतू आडवे कापणाऱ्या करवतीचे दाते तिरके घासलेले, टोकदार असतात आणि आधी तंतू तोडतात. डव्हटेलमधले मुख्य काप तंतूंच्या दिशेने जातात, म्हणून तिथे पहिला प्रकार हवा. सांध्याचा खांदा, म्हणजे जिभेच्या बुडाशी असलेली पायरी, तंतूंना आडवा असतो. तिथे दुसऱ्या प्रकाराने कड स्वच्छ निघते. अगदी बारीक दात्यांच्या करवतीत हा फरक कमी जाणवतो. एकच घ्यायची असेल तर डव्हटेलसाठी तंतूंच्या दिशेची घ्यावी, असे माझे मत आहे.

जपानी करवती ओढताना कापतात. ओढताना पाते ताणात राहते, दुमडत नाही. म्हणून ते ०.३ मिमीइतके पातळही करता येते आणि चीर अतिशय बारीक पडते. कण्याची ती दोझुकी. रयोबाला कणा नसतो, पण दोन्ही कडांना दाते असतात: एका बाजूला तंतूंच्या दिशेचे, दुसऱ्या बाजूला आडवे. नवशिक्याला दोझुकीवर सरळ काप लवकर साधतो. मात्र पाते नाजूक असते. चिरेत अडकलेले असताना मुठीला हिसका दिला तर ते वाकते किंवा दाता मोडतो. आणखी एक पाहावे. दात्यांची टोके काळपट-निळसर दिसत असतील तर ती उष्णतेने कठीण केलेली आहेत. ती बराच काळ धार धरतात, पण कानस त्यांच्यावर चालत नाही. बोथट झाली की पातेच बदलायचे, म्हणून सुटे पाते मिळते का ते खरेदीच्या वेळीच विचारा.

३. वळणाच्या कापासाठी: तीन चौकटी

कोपिंग सॉचे पाते साधारण १६० मिमी लांब आणि ३ मिमी रुंद असते. दोन्ही टोकांना आडव्या पिना असतात आणि त्या चौकटीच्या खाचेत बसतात. चौकट बहुधा १२० ते १६५ मिमी खोल. या करवतीचा मोठा गुण असा की पाते चौकटीत हव्या त्या कोनात फिरवता येते. चौकट फळीला अडू लागली की पाते फिरवा, चौकट बाजूला जाते. १० ते २० मिमी जाडीच्या लाकडात मध्यम वळणे, खेळण्यांचे आकार, डव्हटेलमधला टाकाऊ भाग काढणे, पट्टीच्या नक्षीला जुळणारा कोपरा कापणे, ही तिची कामे.

फ्रेट सॉची चौकट खोल असते, ३०० ते ५०० मिमीपर्यंत. पाते साधारण १३० मिमी लांब, दोन्ही टोके साधी. ती छोट्या जबड्यांत स्क्रूने आवळतात. मधल्या नंबरचे पाते जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. पातळ प्लाय, जाळी, अक्षरे, मधोमध बंद असलेली नक्षी यांच्यासाठी हीच करवत.

सोनारकामातली करवत दिसायला फ्रेट सॉसारखीच, पण चौकट कमी खोल आणि बहुधा लांबीत मागेपुढे करता येणारी. त्यामुळे तुटलेल्या पात्याचा उरलेला तुकडाही वापरता येतो. तिची पाती धातूसाठी बनवलेली असतात. २/० नंबरचे पाते साधारण अर्धा मिलिमीटर रुंद. लाकडात पितळ किंवा शिंपला जडवायचा असेल तर हीच घ्यावी. जडावकामात दोन तुकड्यांमध्ये उरणारी फट चिरेच्या रुंदीवर अवलंबून असते. फ्रेंच कारागीर आंद्रे-शार्ल बुल (१६४२–१७३२) यांचे नाव ज्या पद्धतीला मिळाले, तिच्यात पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पत्रा एकावर एक ठेवून एकदमच कापतात आणि मग एकाची नक्षी दुसऱ्याच्या पोकळीत बसवतात. पाते जाड असते तर ही पद्धत चाललीच नसती.

बंद नक्षीसाठी आधी भोक पाडून त्यातून पाते ओवावे लागते. इथे पिना आड येतात. कोपिंग सॉचे पाते पिनांसकट जाण्यासाठी सुमारे ६ मिमीचे भोक लागते. फ्रेट सॉच्या पात्याला दीड-दोन मिमी पुरते. नक्षीतली पोकळी करंगळीपेक्षा लहान असेल तर प्रश्न तिथेच मिटतो: फ्रेट सॉ.

४. दाते किती हवेत, हिशेब करून ठरवा

लाकडाच्या जाडीत कोणत्याही क्षणी किमान तीन दाते असले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर फळीची कड दोन दात्यांच्या मध्ये अडकते, पाते हिसके खाते आणि बारीक टोक तुटते.

हिशेब सोपा आहे. एका इंचात २५.४ मिमी. इंचाला १५ दाते असतील तर दोन दात्यांत सुमारे १.७ मिमी अंतर. १२ मिमीच्या फळीत सात दाते बसतात, काम छान चालते. तेच पाते ३ मिमीच्या प्लायवर लावले तर जाडीत दोनसुद्धा दाते धड नसतात. तिथे इंचाला २५ किंवा अधिक दाते हवेत. उलट, जाड लाकडात फार बारीक दाते घेतले तर दात्यांमधली जागा भुशाने भरते, पाते तापते, कापण्याऐवजी घासू लागते आणि रेघ सोडते. जाड किंवा मऊ लाकडासाठी एकाआड एक दाता गाळलेली पाती मिळतात; मोकळ्या जागेतून भुसा बाहेर पडतो.

फ्रेट सॉच्या पात्यांचे नंबर वाचताना गोंधळ होतो. साधा नंबर वाढला की पाते जाड आणि रुंद होते: १ पेक्षा ३, ३ पेक्षा ५ मोठे. शून्याच्या खाली उलटे: २/० पेक्षा ४/० अधिक बारीक. सुरुवातीला ३ आणि ५ नंबर घ्यावेत. अतिबारीक पाती आधीच घेतली तर ती तुटतात आणि उत्साहही जातो.

५. वळण किती तंग आहे

वळण घेताना पाते स्वतःच्याच चिरेत फिरत असते. पाते रुंद असेल तर त्याची पाठ चिरेच्या भिंतीला टेकते आणि पुढे वळत नाही. चिरेतली मोकळी जागा तेवढीच राहिली, तर पात्याची रुंदी निम्मी केल्यावर ते जवळजवळ चौपट तंग वळण घेते, कारण हा हिशेब रुंदीच्या वर्गाने चालतो. म्हणूनच कोपिंग सॉमध्ये कितीही चांगले पाते घातले तरी फ्रेट सॉच्या तोडीचे बारीक वळण निघत नाही. ते काम जोर लावून करायला गेले की पाते पिळले जाते आणि कापाची भिंत तिरकी होते.

चहूबाजूंनी दाते असलेली पिळाची पातीही मिळतात. फळी न फिरवता हवे तिकडे कापता येते हे खरे, पण चीर रुंद पडते आणि कड खरबरीत राहते. स्वच्छ नक्षीसाठी मी ती सुचवणार नाही.

६. चौकट हातात घेऊन तपासा

दुकानात पाते बसवूनच बघा. इथे पाच मिनिटे घालवावीत.

पाते ताणा आणि बोटाने तारेसारखे छेडा. बारीक, स्पष्ट टणत्कार आला पाहिजे. आवाज बद्द आला तर पाते सैल आहे. आणखी ताणूनही तसाच येत असेल तर चौकटच मऊ आहे. ती ठेवून द्या.

मग चौकट डोळ्यांसमोर आडवी धरून एका टोकाकडून पात्याच्या कडेवरून नजर टाका. दोन्ही टोके एका पातळीत दिसली पाहिजेत. कोपिंग सॉमध्ये दोन्हीकडच्या खुंट्या वेगवेगळ्या फिरतात. एक जरा जरी पुढे-मागे राहिली तर पाते मधे पिळलेले दिसते, आणि असे पाते सरळ रेघेवरही वाकडे जाते. खुंट्या पक्क्या राहतात की कापताना आपोआप सरकतात हे मूठ हलवून बघा. फ्रेट सॉमध्ये जबड्यांची तोंडे सपाट आहेत आणि पाते त्यांतून निसटत नाही याची खात्री करा.

चौकटीची खोली तुम्ही लिहून आणलेल्या अंतरापेक्षा थोडी जास्त हवी, पण फार नाही. खोल चौकटीचे वजन मुठीपासून दूर जाते, मागचे टोक डुलते आणि पाते उभ्या रेषेतून ढळते. बहुतेकांच्या कामाला ३०० मिमी पुरते.

७. दाते कोणत्या दिशेला ठेवायचे

कुसळे निघतात ती दाता लाकडातून बाहेर पडतो त्या बाजूला. एवढे लक्षात ठेवले की दिशा स्वतःच ठरवता येते.

फ्रेट सॉ वापरताना टेबलाबाहेर काढलेल्या, इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या फळीवर काम सपाट ठेवतात आणि करवत खालून उभी धरतात. दाते मुठीकडे, म्हणजे खाली. खाली ओढताना काप होतो, पाते ताणात राहते, काम फळीवर दाबले जाते आणि दर्शनी बाजू वर स्वच्छ राहते. खालच्या बाजूला चिकटपट्टी लावली तर प्लायची कुसळेही कमी निघतात.

कोपिंग सॉने व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंजात) उभ्या धरलेल्या फळीवर कापताना मात्र दाते मुठीकडे ठेवले तर कुसळे तुमच्याकडच्या, रेघेच्याच बाजूला येतात. रेघ स्वच्छ दिसायला हवी असेल तर दाते पुढे ठेवून ढकलत कापा. त्यासाठी चौकट चांगली ताठ हवी, कारण ढकलताना पात्याचा ताण कमी होतो. दोन्ही दिशा चालतात. आपल्या चौकटीला कोणती झेपते ते बघून ठरवा.

८. घेण्याआधी शेवटची चाचणी

त्याच लाकडाचा, त्याच जाडीचा टाकाऊ तुकडा सोबत न्या. त्यावर ५० मिमीची सरळ रेघ आणि पुढे एक वळण पेन्सिलीने काढा. जोर न लावता, पात्याची पूर्ण लांबी वापरत, रेघेच्या टाकाऊ बाजूने कापा. मग तुकडा उलटून मागची रेघ बघा. पुढे रेघ बरोबर आणि मागे सरकलेली असेल तर पाते कलले होते. चौकट हातात जड होतेय का ते पुन्हा पाहा. सरळ भागातच काप सतत एका बाजूला ओढला जात असेल तर त्या पात्याचे दाते एका बाजूला अधिक वाकलेले आहेत. दुसरे पाते लावून बघा. दोन-तीन पात्यांनंतरही तसेच झाले तर चौकट बदला.

पाती मात्र एकदम डझनभर घ्या. फ्रेट सॉची पाती तुटणार हे गृहीतच आहे, आणि बोथट पाते आणखी थोडे चालवण्याच्या नादात नक्षीचे टोक जाते. पाते पुढे जायला दाब मागू लागले किंवा भुशाऐवजी पीठ पडू लागले की ते काढून नवे लावा.