ब्रेक लाइटचा बल्ब घरीच बदलताय? या चुका टाळा

संध्याकाळी घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाड्या एकमेकींना चिकटून सरकत असतात. मागे गुजरातकडे निघालेला कंटेनर, वर पाऊस, काचेवर वायपर. अशा वेळी तुम्ही ब्रेक दाबलाय हे मागच्याला कळतं ते फक्त लाल दिव्यांमुळे. आणि हे दिवे आपल्या गाडीतला एकच माणूस कधी बघत नाही, तो म्हणजे ड्रायव्हर. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला "साहेब, मागचा लाइट गेलाय" म्हणतो तेव्हा पत्ता लागतो.

साध्या बल्बच्या गाड्यांमध्ये हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये चहा निवायच्या आत होतं. बल्ब शंभर रुपयांच्या आत मिळतो. तरीही लोक चुकतात, आणि बहुतेक वेळा ती चूक बल्बला हात लावायच्या आधीच झालेली असते.

बल्बच गेलाय असं धरून चालणं

आधी कुठला दिवा लागत नाही ते नीट बघा. ब्रेकचे दिवे साधारण तीन असतात: दोन्ही बाजूंचे दोन आणि मागच्या काचेजवळ वर एक. उजवा किंवा डावा असा एकच बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूची अर्थ (करंट परत नेणारी, बॉडीला जोडलेली वायर), यांपैकी काहीतरी बिघडलंय. तिन्ही एकदम बंद असतील तर तीन बल्ब एकाच दिवशी जाणं जवळपास अशक्य. तिथे फ्यूज बघा, आणि फ्यूज ठीक असेल तर ब्रेकच्या पेडलवरचा स्विच. वरचा लागतोय आणि खालचे दोन्ही बंद आहेत, तर फ्यूज आणि स्विच बहुधा शाबूत आहेत. खालचे बल्ब काढून बघायला हरकत नाही. एक बल्ब आधीच गेलेला असतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि दुसरा गेल्यावर मग दोन्ही गेल्याचं दिसतं.

ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक खूण मिळते. पेडलवरचा स्विच बिघडला की बऱ्याच गाड्यांचा गिअर 'पी'मधून हलत नाही, आणि बटण दाबून चालू करायची गाडी चालूच होत नाही, कारण ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही. बॅटरी गेली समजून लोक टो करणाऱ्याला फोन करतात.

आता याच्या उलट प्रकार: पाय काढला तरी दिवे लागलेलेच. यात बल्बचा काही संबंध नसतो. पेडलच्या दांडीवर रबराचं किंवा प्लॅस्टिकचं एक छोटं बटण असतं, पाय काढल्यावर ते स्विचचा खिळा आत दाबून धरतं. गाडी जुनी झाली की ते कडक होऊन तुटतं. मग खिळा बटणाच्या जागी उरलेल्या भोकातून आरपार बाहेर येतो आणि दिवे रात्रभर जळतात. पायाजवळच्या मॅटवर प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर ते तिथलेच. हिशोब सरळ आहे: २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. ३५ अँपिअर-अवरची छोट्या गाडीची बॅटरी दहा तासांत रिकामी. सीवूड्‌स स्टेशनबाहेर सकाळी गाडी लावून ऑफिसला गेलात तर संध्याकाळी धक्का मारावा लागेल. नवं बटण अगदी किरकोळ किमतीला येतं, आणि बसवायला वाकून पाठ दुखते एवढंच.

एकट्याने तपासताना अंदाजावर जाणं

मदतीला कुणी नसेल तर गाडी रिव्हर्समध्ये भिंतीजवळ लावा आणि अंधार पडल्यावर ब्रेक दाबून आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. दोन्ही बाजूंना सारखा हवा. नाहीतर लांब दांड्याची छत्री घ्या, टोक पेडलवर, मूठ सीटच्या कडेला, आणि सीट हळूच पुढे सरकवून दाब द्या. मग निवांत मागे जाऊन बघा. बऱ्याच गाड्यांचे ब्रेक लाइट किल्ली न फिरवताही लागतात, त्यामुळे इंजिन चालू ठेवायची गरज नाही. अशा वेळी हँडब्रेक मात्र ओढलेला हवाच.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. तपासणी दोनदा करायची: एकदा पार्किंग लाइट बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. कारण पुढे येतंय.

दिसायला सारखा म्हणून कुठलाही बल्ब घेणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा (फिलामेंट) असतात, एक ५ वॅटची रात्रीच्या लाल दिव्यासाठी आणि एक २१ वॅटची ब्रेकसाठी. याला पी २१/५ डब्ल्यू म्हणतात. दुकानात 'डबल कॉन्टॅक्ट' म्हटलं की समजतं. त्याच्या बुडाला दोन ठिपके असतात. इंडिकेटरचा किंवा रिव्हर्सचा बल्ब पी २१ डब्ल्यू, त्याला एकच तार आणि बुडाला एकच ठिपका. बाहेरून काच, पितळी टोपी, आकार अगदी जुळ्या भावांसारखे.

फरक बाजूच्या दोन पिनांमध्ये आहे. सिंगलच्या पिना एकाच उंचीवर असतात, डबलच्या वरखाली. मुद्दाम तसं केलंय, चुकीचा बल्ब बसू नये म्हणून. पण होल्डर जुना, सैल झालेला असेल तर जोर लावल्यावर सिंगल बल्बही आत घुसतो. मग त्याचा मधला एकच ठिपका होल्डरच्या दोन्ही पट्ट्यांना टेकतो आणि ब्रेकचा करंट रात्रीच्या दिव्यांच्या वायरीत शिरतो. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे लागतात, नंबरप्लेटचा दिवा लागतो. गाडीत भूत शिरल्यासारखं वाटतं, पण कारण असतं तो चुकीचा बल्ब.

डबल बल्बच उलटा दाबून बसवला तर वेगळीच गंमत. रात्रीचा दिवा भगभगीत आणि ब्रेक दाबला की फिका. दिवसा तपासलं तर लाल दिसतंय म्हणून समाधान होतं. पार्किंग लाइट चालू ठेवून तपासलं की चूक लगेच कळते: ब्रेक दाबल्यावर उजेड स्पष्टपणे वाढला पाहिजे.

काही गाड्यांत पितळी टोपी नसते, काचेचंच चपटं बूड असतं. तो बल्ब फिरवायचा नसतो, सरळ ओढायचा. म्हणून जुना बल्ब खिशात घालूनच दुकानात जा. नौपाड्यातलं दुकान असो की तुर्भ्याचं, "स्विफ्टचा मागचा द्या" म्हणण्यापेक्षा नमुना काउंटरवर ठेवलेला बरा. एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत बल्ब वेगळे असू शकतात. दोन घ्या. दुसऱ्या बाजूचा बल्बही तेवढाच जुना असतो, तोही लवकरच जाणार.

दिवा उपटताना खुंट्या तोडणं

काही गाड्यांत डिकीच्या आतून झाकण उघडलं की होल्डरपर्यंत हात जातो. बाकीच्यांत पूर्ण दिवा बाहेर काढावा लागतो: डिकी उघडली की कडेला दोन स्क्रू किंवा दहाच्या पान्याचे बोल्ट दिसतात. ते निघाले तरी दिवा सुटत नाही, कारण बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुंट्या बॉडीत अडकलेल्या असतात. इथे लोक स्क्रूड्रायव्हर घालून बाजूला ओढतात, रंग जातो आणि खुंटी तुटते. दिवा सरळ मागच्या दिशेने, दोन्ही हातांनी, थोडा थोडा हलवत काढायचा. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, तिथे घाई नको.

स्क्रू काढायच्या आधी खालच्या फटीत फडकं कोंबा. तिथे पडलेला स्क्रू पत्र्याच्या पोकळीत जातो आणि मग शोधत बसावं लागतं.

बल्ब तापलेला असेल तर थांबा. २१ वॅट छोट्याशा काचेत चांगलेच भाजतात. काचेला बोट लावू नका हा सल्ला खरा आहे तो हेडलाइटच्या हॅलोजनसाठी. मागच्या साध्या बल्बला बोट लागल्याने फारसं काही होत नाही, कोरड्या कापडाने पुसून लावा म्हणजे झालं.

होल्डर न बघताच नवा बल्ब बसवणं

ठाण्याची खाडी जवळ, चार महिने पाऊस, त्यात नवी मुंबईची खारी हवा. होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर साचतो. करंट नीट जात नाही, जोड गरम होतो, प्लॅस्टिक तपकिरी होतं. अशा होल्डरमध्ये नवा बल्ब लावला की तो आठवडाभर लागतो आणि पुन्हा बंद. थर हलका असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक पॉलिश पेपर पुरे. होल्डर वितळला असेल तर तो बदलायचाच, आणि हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या.

अर्थ खराब असेल तर लक्षणं विचित्र दिसतात: ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद उजळतो, किंवा इंडिकेटरबरोबर लाल दिवा लुकलुकतो. करंटला परतीचा रस्ता मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. बल्ब कितीही बदला, काही फरक पडणार नाही. काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने घट्ट केलेली असते तिथला गंज काढा (रंग काळाच असेल असं नाही, पण बहुतेकदा असतो).

दिवा परत बसवताना मागचं रबरी गॅस्केट दुमडलेलं नाही ना ते बघा. आणि आत वाफ धरते म्हणून सगळीकडे सिलिकॉन फासू नका. दिव्याला हवा जायची छोटी भोकं असतात, ती बुजवली की आत गेलेलं पाणी आतच राहतं. पावसात थोडी वाफ धरून दिवा तापल्यावर ती गेली तर काळजी नको. तळाला पाणी डुचमळत असेल तर काचेला तडा शोधा.

एलईडी लावून बघण्याचा मोह

माझं मत विचाराल तर साध्या बल्बच्या जागी बाजारातला स्वस्त एलईडी लावू नये. दिव्याचा आरसा तारेच्या जागेनुसार बनवलेला असतो, एलईडीचा उजेड भलत्याच दिशेला जातो. समोरून झगमगीत दिसतो आणि ट्रकच्या उंचीवरून पाहिलं तर फिका. लाल काचेमागे पांढरा एलईडी गुलाबीसर दिसतो. बल्ब गेल्याचा इशारा देणाऱ्या गाड्यांत एलईडी कमी करंट घेतो म्हणून डॅशबोर्डवर इशारा कायम राहतो. ब्रेक दाबला की लुकलुकणारे दिवे तर नकोच. मागच्याला तो इंडिकेटर वाटतो. गाडीत मुळातच कंपनीचे एलईडी असतील तर बऱ्याचदा तिथे सुटा बल्बच नसतो, पूर्ण दिवा बदलावा लागतो. वॉरंटी चालू असेल तर वायर कापू नका.

फ्यूजला जुगाड

दहाचा लाल फ्यूज उडाला म्हणून वीसचा पिवळा लावणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळायची तयारी. तेवढ्याच अँपिअरचा लावा. तोही लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला घासतेय, बहुधा डिकीच्या बिजागरीपाशी, जिथे ती सारखी वाकते.

बल्ब वारंवार जात असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट ठीक. पंधराच्या वर गेलं तर अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय, आणि बल्बबरोबर बॅटरीही जाईल. व्होल्टेज बरोबर असेल तर होल्डर हलवून बघा. सैल होल्डरमध्ये प्रत्येक स्पीडब्रेकरला तार हादरते आणि तुटते.